एअर पिस्तुलाची मूठ आणि हाताची पकड : इंदूरमधील एका नेमबाजाचे प्रकरण

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्याकडे शिकायला आलेल्या एका महिला नेमबाजाचे हे प्रकरण आहे. वय ३७ वर्षे, राहणार इंदूरचा रामबाग, नोकरी बँकेत. उजव्या हाताने १० मीटर एअर पिस्तूल खेळायला लागून त्यांना साडेतीन वर्षे झाली होती. पहिल्या दोन वर्षांत त्यांचे गुण भराभर वाढले आणि मग ६०० पैकी ५४० च्या आसपास येऊन जे थांबले, ते वर्षभर तिथेच राहिले. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांना तीन-चार जणांनी सल्ले दिले होते आणि त्या सगळ्यांचा मथितार्थ एकच होता : हात कच्चा आहे, पिस्तूल घट्ट धरा. त्यांनी तो सल्ला मनापासून पाळला होता. घरी बसून रबरी चेंडू दाबणे, हाताचे स्प्रिंग दाबणे असे व्यायाम त्या रोज करत होत्या आणि त्यांच्या हातात ताकद खरोखरच चांगली होती. एवढे करूनही गुण हलत नव्हते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे, कारण याच सल्ल्यावर अडकून बसलेली मुले-मुली मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. एअर पिस्तूल एका हातानेच धरावे लागते आणि ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या असतात. महिलांसाठी पूर्वी ४० गोळ्या असत. २०१८ पासून पुरुषांप्रमाणेच ६० झाल्या आणि त्यामुळे शेवटच्या २० गोळ्यांत हाताचे काय होते, हा प्रश्न महिला नेमबाजांसाठी नव्याने महत्त्वाचा झाला. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा, म्हणजे या पिस्तुलाची गोळी, ४.५ मिलिमीटरचा. छर्रा रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडले, तर दहा गुण हाती येतात. पुढे दर ८ मिलिमीटरला एक गुण कमी होत जातो.

आता पकडीचा यात संबंध कुठे येतो, ते पाहू. या बाईंच्या पिस्तुलावर पुढची माशी (नळीच्या टोकाजवळचा, नेम धरायचा छोटा खुंट) आणि मागची खाच (ज्यात तो खुंट मध्यावर दिसावा लागतो) यांतले अंतर ३४० मिलिमीटर भरले. हात जसाच्या तसा राहून सगळे पिस्तूलच ३ मिलिमीटर डावीकडे सरकले, तर छर्राही ३ मिलिमीटरच डावीकडे जाईल. दहा गुण शाबूत राहतील. परंतु मनगट किंवा बोटे वळल्यामुळे माशी खाचेच्या मानाने एकदशांश मिलिमीटर जरी डावीकडे गेली, तरी १० मीटरवर तोच फरक जवळजवळ ३ मिलिमीटर होतो आणि पाव मिलिमीटरहून जरासा अधिक फरक पडला, तर अगदी मध्यावर रोखलेला छर्राही दहाच्या बाहेर जातो. हात डुलतो म्हणून जितके गुण जातात, त्यापेक्षा कितीतरी अधिक गुण हातातले पिस्तूल मुठीत वळते म्हणून जातात. नवशिक्याला डुलणे दिसते, वळणे दिसत नाही. त्यामुळे तो डुलणे थांबवण्यासाठी मूठ आवळतो आणि आवळण्यातूनच ती वळण्याची हालचाल जन्माला येते.

पहिले निदान आणि माझी चूक

पहिल्या दिवशी मी त्यांना पूर्ण ६० गोळ्यांचा सामना खेळायला लावला आणि स्वतः काही न बोलता मागे बसून राहिलो. छर्रे बहुतांशी डावीकडे खाली, घड्याळात आठ वाजता काटा जिथे असतो त्या दिशेला पडत होते. मी ते पाहून मागच्या खाचेचे स्क्रू फिरवले आणि ग्रुप, म्हणजे छर्र्यांचा पुंजका, उजवीकडे वर घेतला. पुढचे दोन दिवस गुण वाढले. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मात्र आम्ही होतो तिथेच होतो, किंबहुना थोडे मागेच गेलो होतो, कारण आता दहा-दहा गोळ्यांच्या सहा मालिकांपैकी पहिल्या तीन बऱ्या जात होत्या आणि शेवटच्या दोन मालिकांत छर्रे उजवीकडे सात गुणांच्या वर्तुळापर्यंत जात होते.

ही चूक माझी होती. सामन्यातले सगळे छर्रे एकाच चित्रात पाहून मी निर्णय घेतला. ते मालिकेनुसार वेगळे करून पाहिले नाहीत. वहीतल्या नोंदी पुन्हा काढून दहा-दहा गोळ्यांचे सहा तक्ते मांडले, तेव्हा स्पष्ट झाले की पहिल्याच दिवशीही सुरुवातीचे छर्रे डावीकडे खाली आणि शेवटचे उजवीकडे होते. एका नेमबाजाचा ग्रुप सामन्याच्या दरम्यान असा जागा बदलत असेल, तर त्याचे उत्तर स्क्रूत सापडत नाही. हातातच काहीतरी बदलत असते.

खडूच्या पुडीचा पुरावा

त्यानंतर आम्ही आठवडाभर एकही गोळी मारली नाही. पिस्तूल रिकामे, नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची खूण), तोंड लक्ष्याकडे. पकड तपासताना हे तिन्ही पाळले गेलेच पाहिजेत, कारण अशा वेळी सगळे लक्ष हाताकडे असते आणि नेमके तेव्हाच दुर्लक्ष होते.

पहिली परीक्षा डोळे मिटून केली. त्यांनी नेहमीसारखे उभे राहून, डोळे मिटून, पिस्तूल उचलायचे, हात सैल होऊन स्थिर झाला की डोळे उघडायचे आणि माशी खाचेत कुठे दिसते एवढेच सांगायचे. दहापैकी नऊ वेळा माशी खाचेच्या उजव्या कडेला टेकलेली होती. म्हणजे त्यांचा हात सहज राहिला, तर पिस्तुलाचे तोंड उजवीकडे पाहत होते आणि माशी मध्यावर आणण्यासाठी त्या दर वेळी मनगट आतल्या बाजूला वळवून धरत होत्या. चाळीस गोळ्यांपर्यंत मनगटाचे स्नायू हे काम करत. ते थकले की तोंड आपोआप उजवीकडे परतत असे. शेवटच्या मालिकांतल्या उजव्या छर्र्यांचा उलगडा असा झाला.

दुसरी परीक्षा कागदाची. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापून ती तर्जनीचे मूळ आणि मुठीचे लाकूड यांच्यामध्ये ठेवली आणि त्यांना रोजच्यासारखी पकड घ्यायला सांगितले. पट्टी ओढली, तर ती निघेना, फाटली. चाप ओढणारे बोट मोकळे असायला हवे, ते इथे लाकडाला घासत होते. शिवाय बोट चापापर्यंत जेमतेम पोचत असल्यामुळे पेराचा मांसल भाग चापावर न बसता बोटाचे टोकच त्याला तिरके लागत होते. चापाचा भार नियमानुसार किमान ५०० ग्रॅम असतो आणि त्यांचे पिस्तूल ९५० ग्रॅमचे. म्हणजे चाप ओढताना पिस्तुलाच्या निम्म्याहून अधिक वजनाएवढा जोर त्यावर पडतो. हा जोर सरळ मागे न येता १० अंश जरी तिरका आला, तर त्यातला सुमारे ८५ ग्रॅमचा भाग पिस्तूल बाजूला ढकलण्यात जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या बाबतीत अपुरे पोचलेले बोट ते डावीकडे ढकलते. त्यातच चापाबरोबर बाकीची बोटेही नकळत आवळली गेली की तोंड खाली जाते. सुरुवातीच्या मालिकांतले डावीकडचे खालचे छर्रे इथून येत होते.

तिसरी परीक्षा मला सर्वांत उपयोगी वाटते आणि ती कोणालाही घरी करता येते. त्यांच्या तळहाताला फळ्यावरच्या खडूची पूड चोळली, एकदाच पकड घ्यायला लावली आणि हात अलगद काढून घेतला. अक्रोडाच्या गडद मुठीवर पांढरा ठसा उमटला. तो पाहून आम्ही दोघेही काही क्षण गप्प राहिलो. अंगठ्याच्या मुळाशी दाट पांढरा डाग, बोटांच्या शेंड्यांशी तीन ठिपके आणि मधे तळहाताच्या खळग्याची सगळी जागा कोरी. पुन्हा पुसून दुसऱ्यांदा पकड घेतली, तर डाग थोडा वेगळ्याच जागी. तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या. त्या प्रत्येक गोळीनंतर मूठ पूर्ण सोडत असत, म्हणजे एका सामन्यात साठ वेळा साठ प्रकारांनी पिस्तूल धरत होत्या.

«सर, म्हणजे मी इतके दिवस फक्त अंगठ्यानं आणि नखांनीच धरत होते?» असे त्यांनी विचारले आणि ते अक्षरशः खरे होते.

मूळ कारण साधे होते. पिस्तूल त्यांनी जुने विकत घेतले होते आणि त्याची मूठ मध्यम आकाराची होती. त्यांचा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.५ सेंटिमीटर भरला. एवढ्या हाताला ती मूठ जाड पडत होती. चापापर्यंत बोट पोचवण्यासाठी हात मुठीच्या मागे न राहता उजवीकडे सरकत होता, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी नळीच्या रेषेतून बाहेर जात होती आणि पुढचे सगळे दोष त्या एका सरकण्यातून निघत होते. हात मुठीला जुळवून घेत होता. होते ते उलटे व्हायला हवे होते.

मूठ घडवणे

उपाय एका वेळी एकच करायचा आणि त्यानंतर किमान चार दिवस दुसरे काही बदलायचे नाही, असे ठरवले. खाचेचे स्क्रू फिरवण्यातून मी एवढे शिकलो होतो. पहिला उपाय फुकटचा होता. स्पर्धेच्या पिस्तुलात चापाचे पाते पुढे-मागे सरकवता येते. ते जाईल तितके मागे घेतले. एवढ्यानेच बोटाचे पहिले पेर चापावर सपाट बसू लागले. मूठ बदलायच्या आधी हे करून पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगेन, कारण घासलेले लाकूड परत येत नाही.

त्यानंतरचे काम त्यांच्या सासऱ्यांनी केले. ते इंदूरच्या एका कापडगिरणीत फिटर होते आणि निवृत्तीनंतरही घराच्या मागच्या पडवीत त्यांचा छोटा व्हाइस आणि कानशींचा डबा अजून जागच्या जागी आहे. मूठ एका बोल्टवर असते, ती पिस्तुलापासून वेगळी काढून त्यांच्याकडे दिली. मी खडूच्या ठशावरून पेन्सिलीने खुणा करून दिल्या : उजव्या बाजूला मागे, अंगठ्याच्या मुळाखालचा फुगवटा कमी करायचा, तर्जनीच्या मुळाजवळचे लाकूड कागद सहज निघेल इतके घ्यायचे, तळहाताच्या खळग्यात भर घालायची. त्यांनी दर वेळी कागदाच्या जाडीइतकेच लाकूड काढले, मूठ सुनेच्या हातात दिली, पुन्हा खडू लावला, ठसा पाहिला, पुन्हा घासले. असे तीन रविवार चालले. एकूण घासलेले लाकूड अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल. खळग्यातली भर आधी मुलांच्या खेळण्यातल्या मातीने करून पाहिली, दोन आठवडे त्यावरच सराव केला आणि आकार मनासारखा जमल्यावरच ती काढून तिथे एम-सील भरले, काचपेपरने घासले आणि तासणीने बारीक चौकडी उठवली.

त्या वेळी कानस चालवताना ते जे म्हणाले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे. «अगं, कानस आवळून धरली की हात भरून येतो, आणि हात भरला की काम गोल होतं. कानस धरायची असते ती फक्त सरळ जावी म्हणून.» मी या बाईंना पकडीबद्दल तीन आठवडे जे समजावत होतो, ते या दोन वाक्यांत आले आणि त्यांना ते लगेच कळले, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

एक अडचण मध्येच उभी राहिली. भर घातल्यावर हाताखालचा टेकू (मुठीच्या तळाशी असलेला, वर-खाली सरकणारा भाग) आणि अंगठ्याची बाजू धरून मुठीची जाडी वाढली. नियमानुसार एअर पिस्तूल सर्व जोडण्यांसह ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे आणि आमची मूठ ५१ च्या पुढे गेली होती. स्पर्धेच्या तपासणीत ते पिस्तूल तिथेच बाजूला ठेवले गेले असते. सासऱ्यांनी प्लायवूडची त्याच मापाची पेटी बनवली आणि त्यानंतरचे प्रत्येक घासणे त्या पेटीत घालून तपासले. टेकूचा कोन मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी होता कामा नये आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये, हेही त्याच वेळी पाहून घेतले. घरी मूठ घडवणाऱ्यांनी भर घालण्याआधी ही मापे भिंतीवर लिहून ठेवावीत.

टेकूच्या बाबतीत मी दुसरी चूक केली. मूठ आता छान बसली या आनंदात मी टेकू वर घेऊन हात खालून-वरून असा गच्च बसवला की पिस्तूल हातातून हलणारच नाही. दोन दिवसांनी त्यांच्या अनामिकेला झिणझिण्या येऊ लागल्या आणि माशी बारीक थरथरू लागली. टेकू हाताला नुसता लागावा, त्याने हात चिमटू नये. तो एक सूत खाली घेतला आणि झिणझिण्या त्याच आठवड्यात थांबल्या.

पकड घेणे

मूठ तयार झाली म्हणजे पकड सुधारली असे होत नाही. ती घेण्याची रीत आम्ही नव्याने बसवली. डाव्या हाताने पिस्तूल नळीजवळ धरायचे, उजवा हात उघडा ठेवून बेचकी मागच्या खोबणीत जाईल तितकी वर आणि सरळ रेटायची, मग मधले बोट आणि अनामिका पुढून मिटून पिस्तूल सरळ मागे, तळव्याकडे ओढायचे. सगळा दाब पुढून मागे. बाजूंनी काहीच नाही. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा आपल्या खोबणीत निजलेला, त्याने दाबायचे नाही, कारण उजव्या हाताचा अंगठा दाबला की पिस्तूल उजवीकडे ढकलले जाते. शेवटी मनगट घट्ट करायचे. आवळायचे ते मनगट, बोटे नव्हेत. हा भेद हातात उतरायला त्यांना महिना लागला आणि एवढा वेळ लागणे स्वाभाविक आहे, कारण साडेतीन वर्षे त्यांनी याच्या नेमके उलटे केले होते.

दाब किती असावा, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याचा मोह मी टाळला. त्यांना मूठ जितकी जोरात आवळता येईल तितकी आवळायला सांगितली. माशी थरथरू लागली. मग हळूहळू सैल करत जायचे आणि थरथर जिथे थांबते तिथे थांबायचे. तो त्यांचा दाब. तोच पहिल्या गोळीला आणि तोच साठाव्या गोळीला, चाप ओढण्याआधी तोच आणि छर्रा लागल्यानंतर दोन सेकंदही तोच. दाब थोडा कमी किंवा थोडा जास्त असला तरी माणूस चांगले खेळू शकतो. तो प्रत्येक गोळीला वेगळा असला, तर खेळता येत नाही.

प्रत्येक गोळीनंतर मूठ सोडण्याची सवयही बदलली. पाच गोळ्यांपर्यंत उजवा हात मुठीवरच ठेवून पिस्तूल टेबलावर टेकवायचे, छर्रा डाव्या हाताने भरायचा आणि पाचव्यानंतर हात पूर्ण मोकळा करून पकड पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. प्रत्येक गोळीला नवी पकड घेणारे उत्तम नेमबाजही आहेत, त्यामुळे हा नियम मी सर्वांना लावणार नाही. या बाईंसाठी मात्र साठऐवजी बारा वेळा पकड घेणे हे मोठे ओझे उतरण्यासारखे होते. घरी रोज पंधरा मिनिटे कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा सराव, सुरू केले. लक्ष्य नसल्यामुळे डोळा माशीवरच राहतो आणि चाप सुटताना माशी कुठे उडी मारते, ते स्वच्छ दिसते. या बाई प्रत्येक उडीची दिशा बाणाने वहीत काढत. पहिल्या आठवड्याचे पान आठ वाजण्याच्या दिशेच्या बाणांनी भरलेले आहे. सहाव्या आठवड्याच्या पानावर बहुतेक जागी नुसता ठिपका आहे.

इंदूरच्या श्रावणात हाताला घाम येतो, त्याचाही विचार करावा लागला. या बाई पूर्वी टाल्कम पावडर लावत असत, तिने लाकूड उलट निसरडे होत होते. ती बंद करून सुती फडक्याने हात आणि मूठ दोन्ही पुसणे एवढेच ठेवले. चौकडी नीट उठवलेली असेल तर ते पुरते.

आमच्यापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर महूला लष्कराचे मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजीचे प्रशिक्षण केंद्र, आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार त्याच युनिटचे होते. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकल्यापासून तर इंदूरमध्ये मुलांना रेंजवर घेऊन येणारे पालक खूप वाढले आहेत. त्यांतले अनेक जण महागडे पिस्तूल घेण्याची तयारी दाखवतात, पण मुलाच्या हाताचे माप किती, हे मी विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा हात दर वर्षी बदलतो आणि मूठही त्याच्याबरोबर तपासावी लागते, हे त्यांना मी या बाईंची मूठ आणि तिच्यावरचा खडूचा ठसा दाखवून समजावतो.

सोळाव्या आठवड्यात त्यांनी आमच्याच रेंजवरच्या सराव-सामन्यात ५५३ गुण केले आणि त्यानंतरच्या चार सामन्यांत ५४९ च्या खाली गेल्या नाहीत. मला त्या आकड्यापेक्षा सहा मालिकांचे तक्ते अधिक समाधान देतात : पहिली आणि सहावी मालिका एकमेकांवर ठेवली, तर ग्रुप आता एकाच जागी पडतो. शेवटच्या मालिकेत तो पसरतो, पण सरकत नाही. पसरण्याचे कारण खांदा आहे आणि त्यावर आम्ही वेगळे काम सुरू केले आहे.

डिसेंबरात थंडी पडल्यावर त्या एका सकाळी म्हणाल्या, «सर, मूठ सैल लागतेय.» खडू लावून पाहिला, तर खळग्याच्या कडेला एक कोरी चंद्रकोर दिसत होती. थंडीत हात आकसतो. टेकू अर्धा सूत वर घेतला, कोर भरून आली. आता मुठीच्या आतल्या बाजूला टेकूच्या शेजारी सासऱ्यांनी टोच्याने दोन बारीक रेघा कोरल्या आहेत, खालची पावसाळ्याची आणि वरची हिवाळ्याची, आणि सामन्याच्या दिवशी पिस्तूल पेटीतून काढल्यावर त्या सर्वांत आधी टेकू कोणत्या रेघेवर आहे ते पाहतात.